थोरलीच्या बोटांची हलकी कॉपी

आत्याला राग येतो, यात नवीन काही नाही. लहानपणापासून येतो. इतका, की थोरल्या बहिणीनं तिचं नावच त्यावरून ठेवलं. थोरली जन्मापासून बहिरी, त्यामुळे तिनं ठेवलेली नावं हाताची असत. तर्जनी दोन भुवयांच्या मधे टेकवायची आणि नाकाच्या दिशेनं छोटीशी रेघ ओढायची. माणूस चिडला की जिथे आठी पडते ना, तिथे. ही खूण म्हणजे धाकटी बहीण. घरातल्या प्रत्येकाची अशी एकेक खूण होती. भावाचा मुलगा लहानपणी सदानकदा नाक पुसायचा, म्हणून मनगटानं नाक पुसल्यासारखं केलं की तो. आता त्याला दाढी आली, तो दुकानाचा मालक झाला, तरी थोरलीच्या हातात शेंबड्याच राहिला.

धाकटीला सगळी गल्लीच आत्या म्हणते, कारण हा मालक भाचा दिवसभर "आत्या, आत्या" करत असतो. चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं व्हिडिओचं दुकान आहे. पुढच्या खोलीत काउंटर, कोच आणि नमुने दाखवायचा मोठा टीव्ही. मागच्या खोलीत खिडकीला जाड काळा पडदा, दोन मॉनिटर, एक कॉम्प्युटर आणि आत्याची खुर्ची. कॉम्प्युटरचं झाकण एकदा धूळ झटकायला काढलं होतं, ते पुन्हा कधी बसलंच नाही. खुर्चीवर दुसरं कुणी बसलं की तिची उंची बदलते आणि उंची बदलली की आत्याची आठी पडते.

आत्या हे काम शिकली ती कॅसेटच्या काळात. तिचा भाऊ, म्हणजे आताच्या मालकाचा बाप, शूटिंगला जायचा आणि ती दोन मशीन जोडून एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवत बसायची. तेव्हा तिला जे कळलं ते ती आजवर विसरलेली नाही. नक्कल मुळापेक्षा थोडी फिकी येते, आणि नकलेची नक्कल काढत गेलं की माणसांच्या तोंडाला पीठ फासल्यासारखं दिसतं. एका लग्नाची कॅसेट पाहुण्यांनी आपापसात उतरवून उतरवून अशी काही केली होती, की नवरीच्या काकानंच येऊन विचारलं, "यात आमची मंडळी कुठली?" आत्या म्हणाली, मूळ कॅसेट आणा. तर मूळ कॅसेटवर त्या शहाण्यांनी कुठलीशी मॅच भरून घेतली होती! तेव्हापासून 'मूळ' हा शब्द कुणी हलक्यानं घेतला की आत्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पुढे कॅसेट गेल्या, कार्डं आली. लोक म्हणू लागले, आता काय, कॉपी हुबेहूब येते. येते ना! पण कॉपी केली तर. लोक कॉपी करतात कुठे, ते फोनवरून पाठवतात. आणि निरोप पाठवायचं ते ॲप व्हिडिओ पुढे ढकलण्याआधी त्याला पिळून काढतं, बारीक करतं आणि उरलंसुरलं पोचवतं. असं चार घरं फिरून आलेलं शूटिंग घेऊन गिऱ्हाईक जिना चढतं आणि वर तोंड करून म्हणतं, "जरा एचडी करून द्या."

एचडी करून द्या! म्हणजे चोथ्यातून रस काढून द्या. आत्या आतून ओरडते, "जे फेकून दिलंय ते मी कुठून आणू? परसात पेरलंय का?" गिऱ्हाईक दचकून भाच्याकडे बघतं. भाचा गोड हसतो आणि म्हणतो, "ठेवून जा, करू काहीतरी." आत्याला गिऱ्हाइकाहून जास्त राग येतो तो या 'काहीतरी'चा.

दुकानात तिनं एकच कायदा केला होता. कॉम्प्युटरशेजारी बटणांचा एक जुना पत्र्याचा डबा असे. थोरली कपडे शिवायची, तिनं दिलेला. शूटिंग कॉम्प्युटरवर उतरवून झालं की कार्ड या डब्यात पडायचं. ज्याची फिल्म असेल त्यानं ती शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, मग बाहेर दुसरं लग्न खोळंबलेलं का असेना. भाचा कुरकुर करायचा, पण कायदा पाळायचा. त्या कायद्यात एक भोक होतं. ते खुद्द आत्यालाही दिसलं नव्हतं.

थोरलीच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला तेव्हा आधी तिला सुईत दोरा ओवता येईना, मग कात्री धरता येईना. डॉक्टरांनी औषध दिलं आणि हेही सांगितलं, की औषध काही काळ हात धरून ठेवेल, कायमचं नाही. दुसऱ्या कुणाचा हात थरथरला तर लेखणी सुटते, चमचा सांडतो. थोरलीचं बोलणंच बोटांत. तिचं रागावणं, लाड करणं, गप्पा मारणं, सगळं तिथेच. आणि त्याच सुमाराला तिच्या लेकीला मुलगी झाली, तीही बहिरीच. लेक रडली. थोरली रडली नाही. तिनं बाळाच्या गालावरच्या खळीत बोट टेकवलं, आणि बाळाचं नाव पडलं खळी.

त्या दिवशी घरी परतताना थोरली बसस्टॉपवर थांबली आणि आत्याला म्हणाली, अर्थात हातानं, "हिच्याशी आपल्या घरात माझ्यासारखं कोण बोलणार? आणि ही समजण्याच्या वयाची होईपर्यंत माझे हात राहणार का?"

लेकीला आईचं सगळं कळायचं, पण तिचे स्वतःचे हात अर्धवट चालायचे. थोरली तिला म्हणायची, "तू तोंडात घास ठेवून बोलतेस." शिवाय निम्म्या खुणा कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. त्या दोघी बहिणींनी लहानपणी जिन्यात बसून घडवल्या होत्या. त्या थोरलीच्या हातांबरोबर गेल्या की गेल्याच. म्हणून फिल्म करायचं ठरलं. खळीसाठी.

आत्यानं तयारीत काही बाकी ठेवलं नाही. पाठीमागे फिका साधा पडदा. थोरलीच्या अंगात गडद, बिननक्षीचे कपडे, म्हणजे हात त्यावर उठून दिसावेत. उजेड समोरून. कॅमेरा सेकंदाला पन्नास चित्रं टिपणारा, कारण थोरलीची बोटं भराभर चालतात आणि दोन चित्रांच्या मधे एखादं बोट हरवलं तर तो शब्दच हरवतो. औषधानं त्या दिवसांत हात चांगला धरला होता. थोरली दुपारभर बोलली. घरातल्या सगळ्यांची नावं सांगितली. खळीच्या आजोबांशी झालेलं पहिलं भांडण सांगितलं, त्यात जिंकलं कोण तेही सांगितलं. बटण असं लावायचं की शर्ट फाटेल पण बटण तुटणार नाही. रस्ता ओलांडताना गाडीचा आवाज आपल्याला येत नाही, तर दुकानांच्या काचेत बघायचं, मागून येणारं सगळं तिथे दिसतं. शेवटी तिनं मनगटानं नाक पुसल्यासारखं केलं आणि भाच्याची अशी काही नक्कल केली, की कॅमेऱ्यामागे आत्याला हसू आवरेना.

दुसऱ्याच दिवशी आत्याच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता. जाताना तिनं कार्ड भाच्याच्या हातात दिलं आणि बजावलं, "मुळाला धक्का लागता कामा नये."

"आत्या, घरचं काम आहे. मी काय परका आहे का?"

डॉक्टरांनी तिला स्क्रीनकडे बघायची सक्त मनाई केली. आत्या घरी बसून भिंतीवर चिडत राहिली. फिल्म झाली, घरी पोचली, मोठ्या आत्याला, म्हणजे थोरलीला, आवडली, असं भाच्यानं कळवलं तेवढंच. मधल्या काळात थोरलीला तापानं गाठलं. ताप गेला, पण हाताला औषधाचा जो काही आधार होता तोही घेऊन गेला.

डोळा सुधारल्यावर आत्या थोरलीच्या लेकीकडे गेली. खळी टीव्हीच्या टेबलाला धरून उभी राहू लागली होती. लेक म्हणाली, "मावशी, आईची फिल्म लावू? तू कुठे अजून पाहिलीयस. फोनवर आली होती, मी टीव्हीवर घेतलीय."

फिल्म सुरू झाली. चेहरा होता, कपडे होते, पडदा होता. बोटं नव्हती. म्हणजे हात थांबलेला असला की बोटं दिसत, हात हलला की पाचांचा मिळून एक लगदा होई आणि त्यात चौकोनी ठिपके वळवळत. आत्याला वाटलं, डोळा गेला, ऑपरेशन बिघडलं! तिनं एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. मनातल्या मनात डॉक्टरचा उद्धार केला. तेवढ्यात खळीनं रिमोटवर हात मारला आणि बातम्या लागल्या. खालून सरकणारी बारीक अक्षरांची ओळ आत्याला बसल्या जागेवरून धडाधड वाचता आली.

डोळ्याला काहीच झालेलं नव्हतं.

"खळी बघते का गं ही फिल्म?" आत्यानं विचारलं.

"आजी दिसली की हसते. मग जाते निघून. लहान आहे, कळत नाही अजून."

लहान आहे म्हणे! ज्यात कळण्यासारखं काही ठेवलेलंच नाही, ते कुणाला कळणार? आत्यानं चहासुद्धा घेतला नाही. चपला घातल्या आणि तडक दुकान गाठलं.

भाचा कुणाला तरी नमुने दाखवत होता. आत्या दारातूनच म्हणाली, "थोरलीचं कार्ड कुठाय?"

गिऱ्हाइकाला हवा कळली. ते उठून निघून गेलं.

"आधी बस तरी," भाचा म्हणाला.

"बसायला नाही आले. मशीनमधे घेताना काय केलंस ते सांग."

"मूळ फाइली फार जड होत्या. कॉम्प्युटर अडकत होता. म्हणून हलकी कॉपी काढून तिच्यावर काम केलं. सगळेच करतात."

"कापण्यापुरतं करतात! काम झालं की मूळ परत जोडतात आणि मग बाहेर काढतात. तू जोडलंस?"

भाचा काउंटरवरच्या पेनाची उघडझाप करू लागला.

"आणि बाहेर काढताना?"

"फोनवर पाठवायची होती ना. म्हणून छोटी सेटिंग घेतली. पंचवीस फ्रेमची. लग्नांना तीच देतो की आपण, कोण काय म्हणतं?"

"लग्नात कुणी बोटांनी बोलत नाही रे!" आत्याचा आवाज खाली चपलांच्या दुकानात गेला. "आधीच हलकी केलेली, वर अर्धी चित्रं गाळलीस, आणि वर ती फोनवरून धाडलीस, म्हणजे फोननं आणखी पिळली. नकलेची नक्कल, तिची नक्कल! बापानं हे शिकवलं तुला? जाऊ दे. मूळ काढ. मी करते."

आत्यानं बटणांचा डबा उघडला. त्यात दोन कार्डं होती आणि दोन्ही दुसऱ्यांची होती.

"मी नियम मोडला नाही आत्या," भाचा एकदम बोलू लागला. "ज्याची फिल्म त्यानं पाहिल्याशिवाय पुसायचं नाही ना? मोठ्या आत्याला माझ्या फोनवर दाखवली. शेवटपर्यंत. तिनं मान डोलावली, माझ्या पाठीवर थाप मारली. मगच पुसलं. डिस्कवरचंही काढलं, जागा नव्हती."

आत्या खुर्चीवर बसली. कायद्याचं भोक आता दिसलं. थोरलीनं तळहाताएवढ्या पडद्यावर स्वतःलाच पाहिलं होतं. आपण काय बोललो ते तिला पाठ होतं, तिला बोटं वाचायची गरजच नव्हती. वाचायची होती ती खळीला. फिल्म थोरलीची नव्हतीच, खळीची होती, आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं. कायदा करताना हे आपल्याही डोक्यात आलं नाही, याचाही तिला राग आला, आणि तो तिनं साहजिकच भाच्यावर काढला.

पुसलेलं परत आणणारा एक माणूस बाजारात होता. त्याच्याकडे कार्ड नेलं. त्यानं खटपट करून जे बाहेर काढलं त्यात थोरली नव्हती, त्याच कार्डावर नंतर टिपलेलं एक लग्न होतं. मशीननं सोडलेल्या पांढऱ्या धुरातून एक नवरानवरी हसत चालत येत होती. धूर! थोरलीच्या अख्ख्या दुपारवर भाड्याचा धूर बसला होता.

"पण आत्या," भाचा परतताना चाचरत म्हणाला, "आहे त्यात दिसतं तरी. अगदीच काही नाही असं नाही."

आत्या रस्त्यातच थांबली. "तुझा बाप गेला. त्याचा आवाज मी तुला दर दुसरं अक्षर खाऊन ऐकवला आणि वर म्हटलं, ऐकू येतंय की, तर चालेल तुला?"

भाच्याचं तोंड एवढंएवढंसं झालं. आत्याला वाईट वाटलं, पण तिनं शब्द मागे घेतला नाही. घेण्यासारखा नव्हताच तो.

थोरलीला सांगायचं काम कुणाला टळणार नव्हतं. आत्या आणि भाचा दोघं तिच्यासमोर उभे राहिले. आत्यानं हातांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. थोरली पाहत राहिली. मग तिचे थरथरणारे हात वर आले.

"शाळेत बाई आम्हाला हातांवर बसवायच्या. तोंडानं बोला म्हणून. मांडीखाली हात, दिवसभर. मुंग्या यायच्या. मी हलवले की पट्टी. म्हातारी होईपर्यंत वाटत होतं, ते संपलं." तिनं मनगटानं नाक पुसल्याची खूण केली, मग भुवयांमधे रेघ ओढली. "आता तुम्ही दोघांनी बसवलंत."

भाच्याला खुणा तुटक कळतात. हे त्याला पूर्ण कळलं.

आत्या म्हणाली, "पुन्हा करू. या वेळी सगळं मी करते."

थोरलीनं उजवा हात तिच्या नाकासमोर धरला. हात झाडाच्या फांदीसारखा हलत होता. "हे दाखवू नातीला? जन्मभर सरळ टीप घातली मी. हे वाकडंतिकडं तिच्यासाठी ठेवू?" आणि तिनं तोंड फिरवलं. थोरलीनं तोंड फिरवलं की बोलणं संपतं, कारण मग तुम्ही काहीही सांगा, तिला दिसत नाही. हे हत्यार ती लहानपणापासून वापरते आणि त्यावर आत्याकडे आजही इलाज नाही.

पण पुढच्याच आठवड्यात ती आपण होऊन दुकानाचा जिना चढून वर आली. अंगात तेच गडद कपडे. भाचा पुढे झाला तर तिनं त्याला हातानंच बाजूला केलं. "तुमच्यासाठी नाही आले," ती म्हणाली. "काल खळीनं माझा हलणारा हात धरला आणि तोंडाकडे बघत बसली. मी काय म्हणते ते विचारत होती. चला, लावा कॅमेरा."

या वेळी थोरलीला वेळ लागला. एक गोष्ट सांगायची, थांबायचं, डाव्या हातानं उजवं मनगट धरून ठेवायचं, पुन्हा सांगायचं. आजोबांचं भांडण तिनं लांबवलं, बटणाचं थोडक्यात आटोपलं. भाच्याची नक्कल या खेपेला केली नाही. नुसतं त्याचं नाव सांगितलं आणि पुढे गेली. भाचा पडदा धरून उभा होता, त्यानं मान खाली घातली.

कार्ड भरलं तसं आत्यानं ते स्वतः मशीनला लावलं. मूळ फाइली जशाच्या तशा उतरवल्या, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि दोन्हीकडच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावून पाहिल्या. कार्ड डब्यात टाकलं. डब्याच्या झाकणावर बसल्यासारखी राखण करत बसली. काम करायला हलकी कॉपी तिनंही घेतली, त्यात गैर काही नाही, पण कापणं झाल्याबरोबर मूळ परत जोडलं आणि भाच्याला बोलावून दाखवलं, "हे बघ. एवढंच करायचं होतं. बोट झिजलं असतं का तुझं?"

तेवढ्यात थोरलीनं खांद्याला स्पर्श केला. "ही थरथर काढता येते का?"

आत्याला नाही म्हणायचं होतं. पण भाचा बोलून गेला, "सोय आहे मशीनमधे. हलतं चित्र स्थिर करता येतं. सगळं गुळगुळीत होतं." थोरलीनं त्याचे ओठ वाचले आणि तिचे डोळे चमकले.

गुळगुळीत! आत्याच्या जिभेवर आलेलं तिनं गिळलं, कारण मागणारी थोरली होती आणि हात तिचे होते. तिनं मुळाची एक कॉपी घेऊन तिच्यावर ती सोय चालवली. मशीननं विचार केला आणि चित्र पुढे ठेवलं. थरथर गेली होती. बोटांच्या कडाही गेल्या होत्या. जिथे बोट झटकन वळत होतं तिथे मेणासारखं वितळत होतं. आत्यानं शेजारच्या मॉनिटरवर मूळ लावलं. एकीकडे हलणारी पाच बोटं, दुसरीकडे न हलणारा लगदा. कुठल्या बाजूला काय आहे ते तिनं सांगितलं नाही, थोरलीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

थोरलीनं दोन्हीकडे खूप वेळ पाहिलं. मग लगद्याकडे बोट केलं. "या बाईचं बोलणं मलाही कळत नाही," ती म्हणाली. "हलू दे."

बाहेर काढताना आत्यानं पन्नासची पन्नास चित्रं ठेवली, आकार मुळाएवढा ठेवला, दाबून बारीक करणाऱ्या सगळ्या सेटिंगवर फुली मारली. मशीन तासन् तास घुमत राहिलं. फाइल एवढी मोठी झाली, की फोननं ती घ्यायला साफ नकार दिला. आत्याला इतकं समाधान बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. भाचा न सांगता उठला, पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात घातला, वर बटण लावलं आणि म्हणाला, "मी चालत पोचवतो." सगळेच निघाले.

लेकीच्या घरी टीव्ही लागला. खळी टेबलाला धरून उभी होती. आजी दिसली, ती हसली. नेहमी इथे ती निघून जायची. या वेळी गेली नाही. पडद्यावरची थोरली एकेकाचं नाव सांगत होती, बोटन् बोट वेगळं, नखांवरचा उजेडही दिसत होता. खळी वळली. तिनं खोलीतली माणसं पाहिली, आत्यावर नजर थांबवली. मग आपलं एवढंसं बोट उचलून दोन भुवयांच्या मधे टेकवलं आणि खाली रेघ ओढली.

ओढताना बोट थरथरवलं. मुद्दाम, जपून, जसं पडद्यावर होतं तसं.

लेकीनं तोंडावर हात धरला. भाचा हळूच म्हणाला, "अरे देवा. तिला वाटतंय, ते नावातच आहे."

थोरली पुढे सरकून जमिनीवर बसली. तिनं मान हलवून नाही म्हटलं आणि नातीला बरोबर खूण करून दाखवली, पण दाखवताना हात हललाच. खळीनं अगदी तशीच करून दाखवली, पहिल्यापेक्षा जास्त थरथरवून. थोरलीनं पुन्हा केली. खळीनं पुन्हा. शेवटी थोरलीनं हात खाली टाकला आणि आत्याकडे वळली. "तुझंच नाव आहे. तू दाखव."

आत्या खाली बसली. आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून भांडलेल्या या बाईचा हात अगदी स्थिर होता. तिनं भुवयांच्या मधे बोट टेकवलं आणि सरळ, स्वच्छ रेघ ओढली.

खळीनं ती नीट पाहिली. मग आजीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. आणि बोट कपाळाला लावून, थरथरवत, आजीसारखीच रेघ ओढली.

थोरली आवाज करून हसली. तिचं हसणं तिला ऐकू येत नाही, म्हणून ते फार मोठं असतं. "माझ्यासारखी बोलते," ती म्हणाली, "माझ्यासारखी!"

भाच्यानं खिशातून कार्ड काढलं. डब्यातून कधी उचललं होतं कोण जाणे. "आत्या, जिची फिल्म तिनं पाहिली," तो म्हणाला. "आता?"

"पूस बघू," आत्या म्हणाली. "हात तोडून ठेवीन."